लय घरीच जुळवावी लागते

एका गाण्याची लय मिनिटाला १२० ठोके, दुसऱ्याची १२१. कागदावर हा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ही दोन गाणी समेला सम गाठून एकदम सुरू करून बघा. आठव्या सेकंदाला दोघांच्या ठोक्यांत सेकंदाच्या पंधराव्या हिश्शाएवढी फट पडते आणि ती कानाला स्पष्ट जाणवते. अर्ध्या मिनिटात एक गाणं दुसऱ्याच्या बरोबर अर्धा ठोका पुढे निघून गेलेलं असतं. एकाचा ठोका पडतो तिथे दुसऱ्याची रिकामी जागा. नाचणाऱ्याला यातलं गणित ठाऊक नसतं, पण पाय कुठल्या ठोक्यावर टाकावा हे त्याला कळेनासं होतं. तो थांबतो, इकडेतिकडे बघतो आणि पाणी प्यायला निघून जातो. डीजे मंडळी एवढंच म्हणतात, 'मिक्स बसला नाही.'

महाराष्ट्रात डीजेची चर्चा दर भाद्रपदात होते आणि ती सगळी आवाजाची असते. ती व्हायलाच हवी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि स्पीकरच्या भिंती तिला जुमानत नाहीत हे साऱ्या राज्याला दिसतं. पण या एका वादात दुसरा प्रश्न कायमचा मागे पडला. त्या भिंतीतून जे बाहेर येतं ते संगीत म्हणून कसं आहे? गाण्याला गाणं जोडताना कुणी विचार केला आहे का, काही तयारी केली आहे का? ढोल-ताशा पथकांचा सराव पुण्यात मुठेच्या काठाने गणपतीच्या कितीतरी आधी सुरू होतो. शहर तो ऐकतं, काही जण वैतागतात, पण मेहनत सगळे मान्य करतात. डीजेला मात्र मेहनत असते हेच कुणी धरून चालत नाही. 'तो काय, बटण दाबतो' असं म्हणून विषय संपतो. हा समज चुकीचा आहे, आणि त्याचा तोटा डीजेपेक्षा आपल्या गाण्यांना जास्त होतो.

लय जुळवण्याची ही कला बटणांच्या कितीतरी आधीची आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या आसपास, एका जुन्या चर्चच्या इमारतीत 'सँक्च्युअरी' नावाचा क्लब चालायचा. तिथे फ्रान्सिस ग्रासो हा विशीतला तरुण दोन तबकड्यांचे ठोके एकमेकांवर बसवून वाजवायचा. चालू गाणं सभागृहात, पुढचं गाणं हेडफोनमध्ये. पुढची तबकडी बोटाने रोखून धरायची, खालची थाळी फिरत राहू द्यायची आणि नेमक्या ठोक्याला बोट उचलायचं. आज जगभरचे डीजे करतात ते मिक्सिंग रूढ करण्याचं श्रेय बहुतेक इतिहासकार त्यालाच देतात. त्याच्यापुढची अडचणही मोठी होती. ती गाणी माणसांनी वाजवलेली होती. ड्रमर रंगात आला की लय थोडी चढायची, गायक थांबला की थोडी उतरायची. जुळवलेले ठोके जुळलेले ठेवण्यासाठी हात सतत तबकडीवर ठेवावा लागे.

घरी बसून तयारी करण्याची परंपरा मात्र टॉम मोल्टनपासून सुरू होते असं म्हणायला हरकत नाही. न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर नाचणारे लोक गाणं बदललं की जागा सोडतात, हे त्याने पाहिलं. त्यांना नाचायचं असायचं, पण दोन गाण्यांच्या मधला सांधा त्यांना हुसकून लावायचा. मग त्याने घरी टेपवर गाणी एकाला एक जोडून, गरजेनुसार वेग कमीजास्त करून, सलग पंचेचाळीस मिनिटांचा संच तयार केला. त्याला ऐंशी तास लागले, असं त्याने पुढे मुलाखतीत सांगितलं. त्या ऐंशी तासांतून एक पद्धत जन्माला आली. १९७५ मध्ये ग्लोरिया गेनरच्या 'नेव्हर कॅन से गुडबाय' या तबकडीच्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मोल्टनने अशीच सलग जोडली, आणि सलग नाचाचं संगीत दुकानात विकत मिळू लागलं. पुढे नाचासाठीच्या बारा इंची सिंगल तबकडीचा पायाही त्यानेच घातला.

यंत्रं आली ती या गरजेमागून. जपानच्या टेक्निक्सचं 'एसएल-१२००' हे टर्नटेबल १९७२ चं. १९७९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यावर सरकपट्टी आली. ती वरखाली केली की वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त व्हायचा. डीजेची एक अख्खी पिढी त्या आठ टक्क्यांच्या आत जगली. १२० चं गाणं ताणून ताणून १२९ पर्यंत जायचं, त्यापुढे नाही. म्हणून गाणी विकत घेतानाच लय मोजावी लागे. हातात घड्याळ, पायाने ठेका, आणि तबकडीच्या कव्हरवर पेन्सिलने लिहिलेला आकडा. लंडनच्या 'रेकॉर्ड मिरर' साप्ताहिकात जेम्स हॅमिल्टन नव्या गाण्यांच्या परीक्षणात त्यांची लयही छापू लागला, आणि डीजे ते स्तंभ कापून ठेवू लागले.

आज हेच काम संगणक काही सेकंदांत करतो. हजार गाणी फोल्डरमध्ये टाका, प्रत्येकाच्या पुढे बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती ठोके याचा, आकडा उमटतो. इथेच गफलत होते. आकडा दिसला की तयारी झाली असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तयारी तिथून सुरू होते.

सत्तरच्या दशकातलं एखादं मराठी चित्रपटगीत घ्या. सॉफ्टवेअरमध्ये ते उघडलं की पडद्यावर ध्वनीची लाट दिसते आणि तिच्यावर सरळ उभ्या रेघांची जाळी, म्हणजे ग्रिड. प्रत्येक रेघ एक ठोका. पहिल्या काही ओळींत ढोलकीचा प्रत्येक धुमा रेघेवर पडतो. मग अंतरा येतो, ढोलकीवाला जरा सरसावतो, आणि धुमा रेघेच्या किंचित अलीकडे पडू लागतो. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत तो रेघ सोडून दोन रेघांच्या मधोमध पोचलेला असतो. त्या काळी स्टुडिओत पंचवीस-तीस वादक एकत्र बसून वाजवत. कानात टिकटिक करणारं यंत्र नव्हतं, लय वादकांच्या अंगात होती. अशा गाण्याला एकच आकडा लावणं म्हणजे सरासरी लावणं, आणि सरासरीवर नाचता येत नाही.

तयारी करणारा इथे दोन गोष्टी करू शकतो. पहिली सोपी. एबलटन लाइव्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये (त्याची पहिली आवृत्ती २००१ ची) गाणं जागोजाग पकडून सरळ रेघेत आणायचं. पुढे गेलेला ठोका मागे खेचायचा, मागे राहिलेला पुढे ढकलायचा. गाणं सुतासारखं सरळ होतं. दुसरी गोष्ट कष्टाची आहे. गाणं जसं आहे तसंच ठेवायचं आणि रेघा त्याच्यामागून न्यायच्या. दर आवर्तनाची सम कानाने शोधायची, तिथे खूण करायची, पुढच्या समेपर्यंत जायचं, पुन्हा खूण. चार मिनिटांच्या गाण्यात अशा कितीतरी खुणा होतात. पण मग गाण्याची चाल गाण्याचीच राहते आणि यंत्राला ती आधीच कळलेली असते.

लावणीच्या बाबतीत तर पहिला मार्ग सरळसरळ चुकीचा आहे. लावणीत लय चढवत नेणं हा दोष नाही, तो तिचा प्राण आहे. ढोलकी सुरुवातीला दबून चालते, मग बोल घट्ट होतात, शेवटी फड तापतो तेव्हा ती सुरुवातीपेक्षा कितीतरी पुढे गेलेली असते. या चढावर नर्तिकेचे चाळ आणि प्रेक्षकांच्या शिट्ट्या दोन्ही स्वार होतात. ती लावणी पहिल्यापासून शेवटपर्यंत एका आकड्यावर ठोकून बसवली की उरतात फक्त शब्द आणि सूर. गणपतीत, हळदीत, वरातीत वाजणाऱ्या कितीतरी 'डीजे मिक्स' लावण्या याच कारणाने सपाट लागतात. स्पीकर कितीही मोठा लावला तरी त्यात जीव येत नाही. आवाज वाढवण्याची घाई पुष्कळदा इथूनच सुरू होते.

दुसरा घोटाळा सहा मात्रांचा. पुष्कळशी कोळीगीतं, गोंधळातली गाणी झुलत्या, तीन-तीनच्या ठेक्यावर चालतात. ही सॉफ्टवेअरं प्रामुख्याने चार-चारच्या पाश्चात्त्य नृत्यसंगीतासाठी घडलेली. ती अशा गाण्यापुढे गोंधळतात. १०० च्या लयीतलं गाणं १५० म्हणून नोंदवतात, कारण तीनाऐवजी दोन-दोन मात्रांचा एक ठोका धरून ती हिशेब मांडतात. डीजेने तो आकडा तपासला नाही तर ऐन हळदीत गाण्याची गाठ भलत्याच गाण्याशी मारली जाते. आणि आकडा बरोबर असला तरी प्रश्न संपत नाही. झुलत्या ठेक्यावर सोळाच्या हिशेबात वाजणारी हाय-हॅटची झांज चढवली की तीनावर चार आदळतात, आणि होडीसारखं हलणारं गाणं खडखडू लागतं. जाणता डीजे अशा गाण्याखाली फक्त किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, ठेवतो, तीही दोन मुख्य ठोक्यांवर, आणि मधली जागा ढोलकीला मोकळी सोडतो. आगरी-कोळी पट्ट्यातले कितीतरी डीजे हे उत्तम करतात. त्यांच्या कानात तो ठेका लहानपणापासून बसलेला असतो. त्यांचं कौतुक संगीताच्या पानांवर व्हायला हवं. आज ते फक्त वराती गाजवतात.

लय कितीपर्यंत बदलावी, यालाही मर्यादा आहे. तबकडीचा वेग साधारण सहा टक्के वाढवला की सूरही अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये जातं आणि गायिकेचा आवाज ओळखीचा राहत नाही. आताची यंत्रं सूर तसाच ठेवून वेग बदलतात. पण तो चमत्कार फुकट नसतो. जास्त ताणलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि पहिलं नुकसान होतं ते ढोलकी, ताशा, हलगी यांच्या थापेचं. या वाद्यांची सगळी गंमत थापेच्या पहिल्या क्षणात असते, आणि नेमका तोच क्षण ताणताना फाटतो. तीन-चार टक्क्यांपर्यंतचा बदल बहुतेक गाणी सहज सोसतात. ९६ चं गाणं १२८ वर नेणं म्हणजे ३३ टक्के, आणि ते कुठलंच गाणं सोसत नाही. तरीही ते रोज केलं जातं, कारण कुणीतरी ठरवलंय की नाचाचं गाणं १२८ लाच असतं. हाऊस संगीताची लय त्या आसपास आहे हे खरं. कोल्हापूरच्या हलगीने किंवा वसईच्या बँडने ती का पाळावी, याचं उत्तर कुणाकडे नाही.

याच भूमीवर लय जुळवण्याचे दोन वेगळे धडे गिरवले गेले आहेत, आणि दोन्ही आपल्याकडे फारसे सांगितले जात नाहीत.

पहिला मुंबईतला. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडची तीन यंत्रं, म्हणजे टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८, एकमेकांना जोडली आणि 'टेन रागाज टु अ डिस्को बीट' ही तबकडी केली. भैरव, ललित, मेघमल्हार यांच्या खाली यंत्राचा न ढळणारा ठोका, वर रागाचा हात मोकळा. त्या वेळी ती चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या संगीतप्रेमींनी कान टवकारले, कारण शिकागोच्या ॲसिड हाऊसच्या काही वर्षं आधी त्याच यंत्रांतून तसाच आवाज मुंबईत निघाला होता. सिंग यांचं २०१५ मध्ये मुंबईतच निधन झालं. त्यांनी यंत्राची लय निवडली ती राग जाणून. राग मोडून यंत्रात घातला नाही. ही निवड स्टुडिओत, आधी झाली. तयारीचा याहून चांगला नमुना शोधायला लांब जायला नको.

दुसरा धडा गोव्यातला. १९८० च्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर परदेशी डीजे कॅसेटवर वाजवायचे. त्या उन्हात आणि धुळीत तबकड्या टिकत नसत. लॉराँ नावाचा फ्रेंच डीजे आणि त्याचे साथीदार दोन कॅसेट डेक घेऊन गाण्यातले गायनाचे तुकडे कापायचे, नुसत्या ठोक्याचे भाग पुन्हा पुन्हा जोडायचे आणि रात्रभर चालेल असा माल तयार करायचे. पुढे डॅट ही डिजिटल टेप आली. मूळचा कॅलिफोर्नियाचा डीजे गोवा गिल, ज्याचं २०२३ मध्ये निधन झालं, त्याच्यासह अनेकांनी ती वापरली. त्या टेपयंत्रांवर वेग बदलायची सोय नव्हती. म्हणजे ठोक्यावर ठोका बसवणं जवळजवळ अशक्य. मग तिथल्या नृत्यसंगीताची, म्हणजे गोवा ट्रान्सची, गाणीच वेगळी घडू लागली. सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याशिवायचा लांब, तरंगता भाग. एक गाणं त्या धुक्यात विरायचं, दुसरं त्यातूनच वर यायचं. लय जुळवता येत नाही म्हणून त्यांनी लयीला विश्रांती दिली. मराठी गाण्यांना ही युक्ती किती शोभेल! आपल्याकडे तर सनई आहे, संबळाआधीची आलापी आहे, शाहिराची ललकारी आहे. दोन वेगळ्या चालींच्या गाण्यांच्या मध्ये आठ-दहा सेकंद नुसती तुतारी ठेवली तरी पुढचं गाणं हव्या त्या लयीत उचलता येतं. कुणाला खेचायला नको, कुणाला ढकलायला नको.

दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणावरून डीजे लोकांत जुना वाद आहे. कानाने जुळवतो तोच खरा, बटण दाबतो तो नकली, असं जुने लोक म्हणतात. या वादात बाजू घ्यायचीच झाली तर बटणाची घ्यावी, पण एका अटीवर. सिंक फक्त ग्रिड वाचतो. ग्रिड चुकलेला असेल तर तो चूकच बिनचूक जुळवून देतो. ग्रिड घरी कानाने तपासलेला असेल, तर बटण दाबून मोकळ्या झालेल्या हातांनी आणि डोळ्यांनी डीजे लोकांकडे बघू शकतो. म्हातारी आजी खुर्चीतून उठली आहे का, पोरं दमली आहेत का, नवरीच्या मैत्रिणी कुठल्या गाण्यावर ओरडल्या. तयारी करायची ती यासाठी.

खरी लबाडी वेगळीच आहे. कुठून तरी उतरवलेलं तासाभराचं 'नॉनस्टॉप' पेनड्राइव्हवर घालून लावून द्यायचं आणि मागे उभं राहून हात हलवायचे. ते कितीही सफाईने जोडलेलं असलं तरी समोरच्या माणसांसाठी जोडलेलं नसतं. पाऊस आला, मिरवणूक चौकात अडली, आरती सुरू झाली, तरी ते आपलं चालूच. तयारी केलेला डीजे आणि तयार माल लावणारा ऑपरेटर यांत फरक करायला मंडळांनी आणि यजमानांनी शिकलं पाहिजे. आज बिल ठरतं ते स्पीकरच्या संख्येवर आणि लाइटच्या झगमगाटावर. गाण्यांवर घालवलेल्या रात्री त्यात कुठेच धरल्या जात नाहीत. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम हळूहळू बंद पडतं.

डीजेंनीही काही गोष्टी स्वतःवर घ्याव्यात. नवीन गाणं आलं की आकड्यावर विसंबू नये, शेवटपर्यंत ऐकावं आणि शेवटच्या कडव्यातही ठोका रेघेवर आहे का ते पाहावं. ८७ आणि १७४ हे एकाच चालीचे दोन आकडे असू शकतात, हे ध्यानात ठेवून नोंदी एकसारख्या कराव्यात. जुन्या गाण्याला पुढे-मागे जोडपट्टी हवी असेल तर त्याच गाण्यातली ढोलकी घ्यावी. केरव्याची चार आवर्तनं, ३२ मात्रा, पुरेशा होतात. बाहेरची किक आणून चिकटवली की सांधा दिसतोच. आणि गाण्यांचा क्रम लयीच्या चढाने लावावा. ९२, ९४, ९७, १०० अशी गाणी ओळीने आली की कुणालाच फार ताणावं लागत नाही, आणि तासाभरात लोक कुठून कुठे पोचले ते त्यांना कळतही नाही. विलंबितातून मध्य लयीत, मध्यातून द्रुतात जाणारी मैफल ऐकलेल्या समाजाला हे नव्याने शिकवायला नको.

येत्या लग्नसराईत आणि गणपतीत एवढं नक्की करता येईल. डीजे ठरवताना किती स्पीकर आणणार हे विचारण्याआधी त्याला गाण्यांची यादी द्या, तीही निदान आठ दिवस आधी. घरातल्या थोरांची दोन गाणी, गावची दोन, पोरांची हवी तेवढी. तयारीचे पैसे वेगळे धरा आणि तसं बोलून दाखवा. आणि ऐन मिरवणुकीत मोबाइल पुढे करून 'दादा, हे लाव की' म्हणणाऱ्याला नाही म्हणायचा अधिकार त्याला द्या.